गुलाबावरील बुरशी आणि पाण्याचे गणित

पावसाळ्याच्या अखेरीस गुलाबाच्या ताटव्याकडे लक्षपूर्वक पाहिल्यास पुष्कळ बागांत एकच दृश्य आढळते. खालच्या पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे ठिपके पडलेले असतात. ठिपक्यांभोवती पान पिवळे होते आणि थोड्याच दिवसांत ते गळून पडते. झाड लगेच मरत नाही. परंतु अन्न तयार करणारी पानेच नाहीशी झाल्यामुळे ते क्षीण होत जाते व फुले कमी येतात. हा रोग ‘डिप्लोकार्पॉन रोझी’ या कवकामुळे, म्हणजेच एका सूक्ष्म बुरशीमुळे, होतो.

या कवकाची बीजुके मुख्यतः पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पानोपानी पसरतात. पानावर पडलेल्या बीजुकाला आत शिरकाव करण्यासाठी ते पान सुमारे ७ तास सतत ओले राहावे लागते. त्यापूर्वीच पान वाळले, तर रोगाचा प्रवेश टळतो.

थंडीच्या दिवसांत दुसराच शत्रू पुढे येतो. दिवस कोरडे आणि रात्री गार व दमट असल्या, म्हणजे कोवळ्या पानांवर व कळ्यांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी भुरी दिसू लागते. पाने आकसतात, कळ्या नीट उमलत नाहीत. भुरीची बीजुके वाऱ्याबरोबर पसरतात. त्यांना रुजण्यास हवेतील ओलावा पुरतो. पानावर साचलेले पाणी उलट त्यांना बाधक ठरते.

एका रोगास पाणी हवे, दुसऱ्यास ते नको. मग माळ्याने करावे काय? याचे उत्तर घड्याळात आहे. नेहमीचे पाणी झाडाच्या बुंध्याशीच द्यावे. भुरी दिसू लागल्यास मात्र सकाळी पाने स्वच्छ पाण्याने धुवावीत. पुष्कळशी बीजुके वाहून जातात आणि उन्हाने पाने लवकर वाळत असल्यामुळे काळ्या ठिपक्यांच्या कवकास त्याचे ७ तास मिळत नाहीत. सायंकाळी पाने भिजविल्यास ती रात्रभर ओली राहतात व रोगास आपणच आमंत्रण देतो.

काळ्या ठिपक्यांचे कवक गळलेल्या पानांत व रोगट फांद्यांत टिकून राहते. म्हणून अशी पाने वेचून बागेबाहेर खोल पुरावीत आणि रोगट फांद्या छाटून टाकाव्यात. झाडे विरळ लावावीत, म्हणजे वारा खेळून पाने लवकर वाळतात. बुंध्याशी गवताचे आच्छादन घातल्यास मातीवरून पाण्याचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. सर्व गुलाब या रोगास सारखेच बळी पडत नाहीत; पूर्व आशियातील ‘रोझा रुगोझा’ काळ्या ठिपक्यांना चांगला दाद देत नाही. नवी लागवड करताना अशा काटक जाती निवडणे हाही एक उपायच होय.

एवढ्याने भागले नाही, तर साधी द्रव्ये उपयोगी पडतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खाण्याचा सोडा व फवारणीचे तेल यांच्या मिश्रणाने गुलाबावरील हे दोन्ही रोग आटोक्यात आले. सोड्याचे प्रमाण लिटरला सुमारे ५ ग्रॅम होते. सोडा अधिक झाल्यास पाने करपतात व जमिनीत क्षार साचतो. भुरीवर गंधकही गुणकारी आहे. मात्र तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असताना, किंवा तेलाच्या फवारणीपाठोपाठ, ते वापरू नये.

फवाऱ्याने झाडावर आधीच पडलेले ठिपके पुसले जात नाहीत. तो केवळ नव्या पानांचे रक्षण करतो. म्हणूनच बागेतील पहिले औषध म्हणजे सकाळचे पाणी आणि वेळेवर वेचलेली पाने.