घरातली यंत्रं : मशीनमधून जळका वास येतो तेव्हा

वॉशिंग मशीनमधून जळका वास आला की घरातले सगळे आधी गॅसकडे धावतात. कुकर धड आहे, दूधही उतू गेलेलं नाही, मग कुणीतरी बाल्कनीत जाऊन मशीनला नाक लावतं. तोवर मशीन फिरतच असतं. ते आधी बंद करा, तेही मशीनवरच्या बटणाने नव्हे तर भिंतीवरच्या स्विचने. बटणाने कपडे धुणं थांबलं तरी आत वीज येतच राहते. धूर दिसत असेल तर भिंतीवरच्या स्विचपाशीही न जाता मेन स्विच पाडा, पाणी ओतू नका, आणि धूर वाढू लागला तर घरातल्यांना बाहेर काढून 101 फिरवा.

धूर नसेल तर मशीनच्या आधी प्लग बघा. स्विच बंद करून प्लग काढा. त्याचं प्लास्टिक गरम लागतंय का? पिनांभोवती तपकिरी डाग आहे का, सॉकेटचं भोक वितळून वाकडं झालंय का? पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर साधारण 2000 वॅटचा असतो, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर. असं मशीन बाल्कनीत पॉवर पॉइंट नाही म्हणून 6 अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवलं, तर वास येणारच. मशीन बिचारं ठणठणीत असतं आणि बिल मात्र त्याच्या नावावर फाटतं. इथे काम वायरमनचं आहे: 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि धड अर्थिंग.

प्लग स्वच्छ असेल, तर वास नेमका कधी आला हे आठवा. मेकॅनिक हे सहसा विचारत नाही, तुम्हीच सांगा. कपडे घोळताना, पाणी तापताना, पाणी सोडताना आणि पिळताना मशीनचे वेगवेगळे भाग राबत असतात. त्यामुळे वास कसला, यापेक्षा तो कधी आला यावरून दोष लवकर सापडतो.

कपडे घोळताना रबर जळाल्यासारखा वास आला, तर बहुधा बेल्ट पुलीवर घसरतोय. मशीनखालच्या फरशीवर बोटाला लागणारी काळी भुकटी दिसली, तर शंकाच नको. बेल्ट काही फार महागाचा नाही, पण तो का घसरला हे बघायला हवं. मशीनवर लिहिलेले 7 किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे असतात. दोन सोलापुरी चादरी आणि वर जीन्स कोंबल्या की पाणी पिऊन तो भार कुठच्या कुठे जातो. नवा बेल्ट बसवल्यावर पहिल्या एक-दोन धुण्यांना हलका वास येऊ शकतो, तो चालतो. मोटर थेट ड्रमला जोडलेल्या मशीनला बेल्टच नसतो. तिथे कुणी ‘बेल्ट गेलाय’ म्हणालं, तर चहा पाजून वाटेला लावा.

पाणी सोडताना वास आला, तर पंपात नाणं किंवा केसांची पिन अडकलेली असते. पाणी तापताना आला, तर हीटरवर क्षार चढलेत. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे नेहमीचंच.

खरी गोम पिळण्यात आहे, त्यातही सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये. एखादा रुमाल किंवा मोजा आतल्या टबाबाहेर सटकतो आणि टब अडतो. ब्रेक नीट सुटत नाही, किंवा कंडेन्सर कमजोर होतो. तिन्ही वेळा लक्षण एकच: मोटर ‘घूंऽऽ’ करते आणि टब हलत नाही. अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, वाइंडिंग तापतं आणि तारेवरचं वार्निश करपायला लागतं. हा वास उग्र, नाकात बसणारा असतो. व्होल्टेज कमी असलं की दुखणं वाढतं. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर मोटरचा जोर साधारण साठ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

अशा वेळी बऱ्याच मोटरींमधला थर्मल कटआउट वीज तोडतो. अर्ध्या तासाने मोटर थंड होते, मशीन पुन्हा सुरू होतं आणि घरात जाहीर होतं, ‘झालं आपोआप ठीक.’ काहीही ठीक झालेलं नसतं. प्रत्येक खेपेला वार्निश थोडं आणखी करपतं आणि शेवटी वाइंडिंग शॉर्ट होतं. वेळेत लक्ष दिलं तर कंडेन्सरवर भागणारं काम मग मोटरवर जातं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून एकच घाणा तीन-तीनदा पिळणाऱ्यांनी मध्ये मोटरला उसंत द्यावी.

उंदरांना विसरू नका. अनेक मशीन खालून उघडी असतात. आत ऊब असते, वायरी कुरतडायला मिळतात. खाली जाळी बसवून घ्या.

कधी दोष बनावटीतलाही असतो. 2019च्या डिसेंबरात व्हर्लपूलने ब्रिटनमध्ये हॉटपॉइंट आणि इंडेसिट या नावांनी विकलेली पाच लाखांहून अधिक मशीन परत बोलावण्याचं जाहीर केलं. दाराच्या कुलपातला छोटासा तापणारा भाग जास्त तापून आग लागण्याचा धोका होता. तेव्हा मशीन नवं आहे म्हणून वासाकडे काणाडोळा करू नका. वॉरंटीत असेल तर मागचं झाकण स्वतः न उघडता कंपनीला कळवा.

कारण सापडेपर्यंत मशीन वापरू नका. आणि मशीन ठीक असलं, तरी रात्री लावून झोपणं किंवा चालू ठेवून बाजारात जाणं सोडा. वास घ्यायला घरात जागं माणूस हवं.

(पुढच्या आठवड्यात : गीझर)