पाणी, गहू आणि टक्कल

२०२४ साल संपता संपता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुळासकट हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. पहिला संशय पाण्यावर गेला. तसं होणं साहजिकच होतं, हा सगळा खारपाणपट्टा.

पण कागदावर दोन वर्तुळं काढून पाहा. नववीच्या गणितात संचांच्या धड्यात असते तीच वेन आकृती. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी ती १८८० मध्ये मांडली. (मुलांना ती मार्कांपुरती वाटते, साथीच्या तपासात मात्र रोज कामी येते.) एक वर्तुळ खारं पाणी पिणाऱ्यांचं, दुसरं केस गळालेल्यांचं. दुसरं जवळपास पूर्ण पहिल्याच्या पोटात बसतं. मग कारण सापडलं का? नाही. पहिलं वर्तुळ अकोला-अमरावतीपर्यंत पसरलेलं आहे आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी पिणाऱ्यांवर अशी वेळ आली नाही. दोन वर्तुळांचा छेद नुसता मोठा असून भागत नाही. छेदाबाहेर किती माणसं उरली, तेही मोजावं लागतं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिसऱ्या वर्तुळाकडे बोट दाखवलं: रेशनचा गहू. त्यांच्या तपासणीत बाधितांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम खूप वाढलेलं आणि जस्त कमी आढळलं. गव्हातही सेलेनियम जास्त होतं. प्रौढाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं. ४०० च्या वर दीर्घकाळ गेलं तर केस आणि नखं गळू शकतात. पुढे काही बाधितांची नखंही गळाली, तेव्हा हा संशय बळावला. तरी नियम इथेही तोच. रेशनचा गहू राज्यभर खातात. म्हणून वर्तुळ ‘रेशनचा गहू’ एवढं ढोबळ नको, ‘त्या खेपेचा गहू’ असं आखायला हवं. आणि तो खाऊनही केस शाबूत राहिलेलेही मोजायला हवेत.

सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंना ‘आमच्या घरी कुणाला काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. पाणी कुठलं, गहू कधीचा, शाम्पू कोणता, हे त्या घरातूनही कळायला हवं. आणि केस गळतात म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. केसांसाठीच्या अनेक गोळ्यांत सेलेनियमच असतं.