बंदुकीचा सातबारा

जुनी ब्रिटिश लष्करी रायफल हातात आली की जाणकार आधी नळीकडे बघत नाही, मान बघतो. बोल्टची मूठ जिथे खाली वळते तिथेच, लाकडी दस्ता लोखंडाला जोडला जातो त्या पट्टीवर, उजव्या अंगाला चारपाच ओळी ठोकलेल्या असतात. वर मुकुट. त्याखाली ‘जी. आर.’, मग ‘एनफिल्ड’, मग साल १९१७, आणि तळाशी ‘एसएचटी. एल. ई.’, रोमन तीन आणि एक चांदणी. जी. आर. म्हटलं की आपल्याला शासन निर्णय आठवतो. इथे तो जॉर्ज रेक्स, म्हणजे राजा पाचवा जॉर्ज. त्याच्याआधीच्या बंदुकांवर एडवर्डचा ‘ई. आर.’ दिसतो, त्याहून जुन्यांवर व्हिक्टोरिया राणीचा ‘व्ही. आर.’

ही रायफल म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, आपली थ्री नॉट थ्री. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणून ते नाव. चौकीबाहेरच्या हवालदाराच्या खांद्यावर ती आपण वर्षानुवर्षं पाहिली. २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच होती. लाखांनी बनलेल्या या वस्तूत दुर्मीळ ते काय?

दुर्मीळ असतं ते तिचं न बदललेलं रूप. ती चांदणीच बघा. १९०७ सालच्या तिसऱ्या मार्कच्या रायफलीला कुशीवर एक जादा दर्शक असायचा, अख्ख्या तुकडीने मिळून दोन हजार यार्डांपलीकडच्या जमावावर गोळ्यांचा मारा करण्यासाठी. शिवाय एक पत्रा असायचा. तो सरकवला की मॅगझिनमधल्या गोळ्या राखीव राहायच्या आणि शिपाई एकेक काडतूस हाताने भरायचा. काडतुसं वाया जातील ही सरकारी काळजी! खंदकांच्या लढाईत दोन्ही निरुपयोगी ठरलं आणि उत्पादनाचा वेग वाढवायचा होता, म्हणून १९१६ मध्ये ते वगळलं. जे उरलं त्याची खूण ती चांदणी. दस्त्यावरच्या पितळी चकतीवर पलटणीचं नाव आणि बंदुकीचा क्रमांक कोरलेला असे, तीही महायुद्धातच गेली. पुढे जुन्या रायफली दुरुस्तीला आल्या की त्यांचेही हे भाग बहुधा काढून टाकले जात. त्यामुळे १९१० ची एखादी रायफल चकती, पत्रा, दर्शक सगळं अंगावर ठेवून आज समोर आली, तर संग्राहकाची झोप उडते.

नोंद करताना पहिलं काम आकडे जुळवण्याचं. एकच क्रमांक सांगाड्यावर, बोल्टवर, नळीवर, पुढच्या लाकडाच्या पोटाशी आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या टोपीवर ठोकलेला असतो. सगळे जुळले तर बंदूक बहुधा कारखान्यातून निघाली तशीच आहे. एखादा जुळला नाही तर फेरफार झालाय, आणि सातबाऱ्यासारखीच खरी गोष्ट फेरफारात असते. समजा, सांगाडा १९१७ चा एनफिल्डचा आहे, पण मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा स्क्रू गेलाय आणि नळीवर ‘आर. एफ. आय.’ आहे. याचा अर्थ ही बंदूक पुढे कधीतरी बंगालच्या ईशापूर कारखान्यात जाऊन आली. स्वातंत्र्यानंतर तिथल्या रायफलींवरचा मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. काडतूस हाती लागलं तर त्याचं बूड बघावं. तिथे ‘के’ आणि ‘एफ’ असेल तर ते आपल्या खडकीचं, १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळा कारखान्याचं.

या ठशांमध्ये एक बाणही दिसतो. ती खूण ब्रिटिश सरकारी मालकीची. टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले तर माल लष्कराने रीतसर विकलेला, चोरीचा नाही.

पैसा आला की लबाडी येतेच. दुसऱ्या महायुद्धातली चार नंबरची ली-एनफिल्ड, नेमबाजांसाठीची, हे तिचं आवडतं कुरण. कारखान्यात अचूक निघालेल्या रायफली बाजूला काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवत, आणि तिथे त्यांच्यावर दुर्बीण बसवली जाई. अशा वीस हजारांहून अधिक झाल्या. दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर ठोकत, रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या कंसावर. म्हणजे दोघींचं लग्न दोन्हीकडच्या वहीत नोंदलेलं. दस्त्याच्या खालच्या अंगाला ‘एस ५१’ हा हॉलंडचा संकेत. आज साध्या रायफलीवर नवी दुर्बीण चढवून हे सगळे शिक्के नव्याने ठोकणारे लोक आहेत. जुना ठसा आणि त्याच्या भोवतीचं लोखंड एकाच रंगाने काळवंडलेलं असतं. नव्या ठशाची कड मात्र चकाकते, भिंगाखाली तर लगेच.

काही बंदुका मुळातच मूठभर. पॅट्रिक फर्ग्युसनची मागून भरायची रायफल १७७६ ची, लष्करासाठी जेमतेम शंभर बनल्या आणि अमेरिकेच्या युद्धात विरून गेल्या. १९१३ साली .२७६ इंची नवी रायफल चाचणीसाठी हजाराच्या आसपास काढली. तोवर युद्ध आलं आणि बेत बारगळला. ईएम-२ ही रायफल तर १९५१ मध्ये सरकारने स्वीकारलीसुद्धा, आणि त्याच वर्षी सत्तेवर परतलेल्या चर्चिलच्या सरकारने ती गुंडाळली.

यातल्या शंकांचा निकाल पूर्वी एनफिल्डच्या पॅटर्न रूममध्ये लागे. तिथे मंजूर नमुन्याला दोरीने लाखेचा शिक्का बांधून ठेवत, आणि कारखान्याने त्याच्याशी ताडून माल काढायचा. आता तो संग्रह लीड्सला रॉयल आर्मरीजकडे आहे. ऑस्ट्रेलियाच्या इयन स्केनर्टन यांनी असे शिक्के-ठसे जमवून जाडजूड पुस्तकं केली. संग्राहक त्यांचीच पानं उलटतात.

भारतात ही हौस कागदावरच करावी लागते, कारण .३०३ सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअर आहे. म्हणूनच ईशापूरने नागरिकांसाठी .३१५ ची रायफल काढली.

विलायतेतल्या हौशींचा मोठा शत्रू म्हणजे सँडपेपर. वारसदार हौसेने दस्ता घासतो, वार्निश मारतो, आणि लाकडावरचे बारीक ठसे एका दुपारी गेलेले असतात. जाणकार आधी सगळीकडून फोटो काढतो, ठशांवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवतो, आणि सगळ्यात शेवटी दस्त्याच्या मागच्या पितळी पाटीतली छोटी दिंडी नखाने उघडतो. आत बोटाएवढी तेलाची पितळी बाटली असते, नळी साफ करायची दोरी असते. बाटलीवरही बनवणाऱ्याचा ठसा असतो. तो वहीत उतरतो, आणि बाटली हलवून आत तेल डुचमळतंय का, एवढंच तो कान लावून बघतो.