हृदयाविना अभिसरण : जुनी मोटार आणि ओटमनचा घाट

महाराष्ट्रातून मोटारीने इंदूरला परतणाऱ्या जुन्या पिढीतील सभासदांना सेंधव्याअलीकडचा बिजासन घाट निश्चित आठवत असेल. मे महिन्याची दुपार, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली अँबॅसॅडर किंवा फियाट, इंजिनाच्या पेट्रोलपंपावर गुंडाळलेले ओले फडके, बंपरला टांगलेली कॅनव्हासची छागल आणि सावलीच्या शोधात निघालेली मुलेबाळे. आजच्या वातानुकूलित गाडीत बसून घाट चढणाऱ्या नातवंडांना हे सांगितले तर त्यांना ती अतिशयोक्ती वाटते. परंतु हाच प्रसंग याहून पुष्कळ मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात घडत असे. तेथील ओटमनच्या घाटात काही गाड्या तर चक्क पाठ पुढे करून, म्हणजे रिव्हर्स गिअरमध्ये, शिखर गाठीत. त्या अशा उलट्या का चढत, याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा आपल्या प्रथम वर्षाच्या शरीरक्रियाशास्त्राचीच उजळणी होत आहे असे मला वाटू लागले. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेवढेच.

किंगमन या गावाहून नैर्ऋत्येकडे निघालेला हा रस्ता प्रथम एक उघडी, सपाट दरी ओलांडतो आणि मग ब्लॅक माउंटन्स नावाच्या ज्वालामुखीजन्य डोंगररांगेला भिडतो. माथ्यावरील सिटग्रीव्ह्ज खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंच आहे. महाबळेश्वर पाहिलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. कठीण आहे ते उंचीमुळे नव्हे, तर वळणांमुळे, अरुंदपणामुळे आणि उन्हामुळे. एका बाजूस तांबूस-काळा कडा, दुसऱ्या बाजूस कठडा नसलेली दरी, आणि आजही चाळीस फुटांहून लांब वाहनांस प्रवेशबंदी. १८५७ मध्ये एडवर्ड बील हा अधिकारी उंटांचा तांडा घेऊन या प्रदेशातून कोलोरॅडो नदीपर्यंत गेला होता, यावरून मुलखाची कल्पना यावी. पुढे सोन्याच्या खाणींमुळे ओटमन भरभराटीस आले. १९२६ मध्ये हाच रस्ता शिकागो ते कॅलिफोर्निया या सुप्रसिद्ध ‘रूट ६६’चा भाग झाला. १९३० च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीस लागलेली हजारो शेतकरी कुटुंबे गाद्या, भांडी आणि म्हातारीकोतारी माणसे गाडीवर लादून याच मार्गाने पश्चिमेकडे गेली. अखेर १९५२ मध्ये हा घाट टाळणारा नवा रस्ता झाला आणि जुना मार्ग हौशी प्रवाशांसाठी उरला.

त्या काळातील सर्वसामान्य माणसाची गाडी म्हणजे फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. (तिच्या दोन आसनांच्या बंदिस्त नमुन्यास ‘डॉक्टरांची कूपे’ म्हणत, कारण रात्री-अपरात्री रुग्णभेटीस निघणारे आपले व्यवसायबंधू तिचे मोठे गिऱ्हाईक होते!) वीस अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन, पुढे जाण्याचे दोनच गिअर आणि पायाशी तीन पेडल. डावे पेडल पूर्ण दाबून धरले तर पहिला गिअर, सोडले तर दुसरा. मधले पेडल रिव्हर्सचे आणि उजवे ब्रेकचे. वेग वाढवण्याचे काम पायाकडे नसून सुकाणूखालच्या हाताच्या दांड्याकडे.

आता उलट चढण्याचे गूढ. या गाडीची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असे आणि तिच्यात पंप नव्हताच. टाकीतील पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने पुढच्या कार्ब्युरेटरकडे उतरत असे. सपाटीवर हे ठीक. पण तीव्र चढावर गाडीचे नाक वर गेले की कार्ब्युरेटर वर येतो आणि टाकी खाली राहते. टाकी अर्धीमुर्धी रिकामी असेल तर पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरच्याही खाली जाते आणि इंजिन उपासमारीने बंद पडते. पाय खाली सोडून झटकन उठून बसलेल्या अशक्त रुग्णास भोवळ यावी, तसाच हा प्रकार. त्यावर उपाय काय, तर डोके खाली आणि पाय वर! गाडी फिरवून पाठ चढाकडे केली की टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, आणि पुरवठा पूर्ववत.

याला दुसरेही कारण होते. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन सुमारे दहा फेरे घेई, तर रिव्हर्समध्ये साडेचौदा. म्हणजे ओढण्याची ताकद रिव्हर्समध्ये जवळजवळ दीडपट. चढासाठी अधिक खालचा गिअर हवा हा धडा मोटारीच्या जन्मापासूनचा आहे. १८८८ मध्ये बेर्था बेंझ या धाडसी बाईने पतीला न सांगता दोन मुलांसह जगातील पहिला लांबचा मोटारप्रवास केला, तेव्हा चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. परतल्यावर तिने पतीस आणखी एक गिअर बसवण्यास सुचवले. त्या प्रवासात तिने इंधन विकत घेतले ते एका औषधविक्रेत्याच्या दुकानातून, हेही आपल्या स्मरणिकेत नोंदवण्याजोगे.

तथापि उलट चढल्याने सर्व प्रश्न सुटत नसत. खरी परीक्षा होती ती थंडाव्याची. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा पाचवा हिस्सादेखील त्या काळी चाकांपर्यंत पोचत नसे. उरलेली बाहेर टाकावी लागे, आणि तिचा मोठा वाटा इंजिनाभोवतीच्या पाण्यातून रेडिएटरकडे जाई. हे पाणी फिरवण्यासाठीही मॉडेल टीमध्ये पंप नाही. (अगदी सुरुवातीच्या काही गाड्यांत होता, तो लवकरच काढून टाकण्यात आला.) तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये थंड होऊन जड होते व खाली उतरते, एवढ्या नैसर्गिक ओघावर सगळे अभिसरण चालते. हृदय नसलेले रुधिराभिसरणच म्हणा ना. आणि त्याची अट एकच : पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडापेक्षा खाली जाता कामा नये. गेली, तर अभिसरण मंदावत नाही, ते थांबते. थोडे पाणी कमी झाले म्हणजे थोडे अधिक तापेल, असा हिशेब येथे चालत नाही. रक्तस्राव भरून काढता काढता एका क्षणी सर्व भरपाई कोलमडते आणि रुग्ण डोळ्यांदेखत ढासळतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगणे न लगे.

त्यातच घाटात गाडीचा वेग पंधरा-वीस किलोमीटरवर येतो आणि समोरचा वारा नाहीसा होतो. वारा मागून वाहत असेल तर रेडिएटरभोवतीची हवा जणू स्थिर होते. उलट चढताना तर रेडिएटर गतीच्या विरुद्ध दिशेस तोंड करून असतो. म्हणजे पेट्रोलची सोय होते, पण थंडाव्याची गैरसोय वाढते. माथ्याजवळ विरळ हवेमुळे इंजिनाची शक्ती सुमारे दहा टक्क्यांनी घटते, आणि पाणीही शंभराऐवजी शहाण्णव-सत्त्याण्णव अंशांनाच उकळू लागते. चहूबाजूंनी राखीव क्षमता कमी होत जाते ती अशी.

ही सारी नियमनाची कामे आधुनिक गाडीत थर्मोस्टॅट, पंप आणि संगणक करतात. जुन्या गाडीत ती चालकाच्या अंगावर पडत. रेडिएटरच्या झाकणावर ‘मोटोमीटर’ नावाचा एक काचेचा तापमापक बसवण्याची प्रथा होती. त्यातील लाल रेघ चालकाला आसनावरून दिसे. सुकाणूखालच्या दुसऱ्या दांड्याने ठिणगीची वेळ मागेपुढे करावी लागे : फार लवकर केली तर इंजिन ठोके देते, फार उशिरा केली तर गाडी अधिकच तापते. औषधाची मात्रा रुग्णाकडे पाहून ठरवावी, पुस्तकाकडे पाहून नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, त्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मला अशाच एका १९२४ च्या गाडीतून हा घाट चढण्याची संधी मिळाली. गाडीचे मालक सत्तरी ओलांडलेले निवृत्त कारागीर. लाल रेघ जरा वर सरकली की ते थांबत. गाडी कुरकुरण्याची वाट पाहत नसत. माथ्यापर्यंत आम्ही तीनदा थांबलो. प्रत्येक वेळी त्यांनी झाकणास हात लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटे जाऊ दिली. मला घाई झालेली पाहून ते एवढेच म्हणाले, “डॉक्टर, ही आपल्या दोघांपेक्षा म्हातारी आहे.” त्या विश्रांतीत दिसलेले दृश्य विसरता येत नाही. खाली सोडलेला रस्ता टाकून दिलेल्या दोरीसारखा पडला होता, आणि पश्चिमेकडे एकामागे एक निळसर होत गेलेल्या डोंगररांगा थेट कॅलिफोर्नियापर्यंत दिसत होत्या.

झाकणाविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्या भाजण्याचे रुग्ण आपल्यातील पुष्कळांनी पाहिले असतील. मॉडेल टीचे पाणी उघड्या हवेच्या दाबावर असते. पुढील काळातील गाड्यांत ते दाबाखाली ठेवतात, त्यामुळे ते १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, त्याच क्षणी त्यातील काही पाण्याची वाफ होते आणि उरलेले उसळून चेहरा, छाती व हातांवर येते. अशा वेळी वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली भाग धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. तापलेल्या कोरड्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, अन्यथा बिडाला तडा जातो.

त्यानंतरच्या, पेट्रोलपंप असलेल्या गाड्यांना वेगळाच विकार जडतो. गरम इंजिनालगतच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत राहतो आणि इंजिन मरते. शिरेतील हवेचा बुडबुडाच तो. ओले फडके गुंडाळणे हा आपल्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्रशुद्ध होता, कारण बाष्पीभवनाने नळी खरोखर थंड होते. अमेरिकेत नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावण्याची पद्धत होती. तिचा गुण मला तरी साखरेच्या गोळीइतकाच वाटतो.

चढाने गाडी बंद पडते. जीव जातो तो उतारावर. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरच्या पेटीत असतो. मागचा आस किंवा मधला दांडा तुटला तर तो ब्रेक निरुपयोगी ठरतो. मग उरतो केवळ हाताचा दुबळा ब्रेक. म्हणून जाणते चालक पहिल्या गिअरमध्येच उतरत आणि आळीपाळीने ब्रेकचे व रिव्हर्सचे पेडल हलके दाबून झीज वाटून घेत. ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावे, हा नियम आजच्या गाडीसही लागू आहे. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ब्रेक तापून पकड सोडतात. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतील ओलावा शोषलेला असेल तर ते उकळते, आणि पेडल पोकळ होऊन खाली जाते. माथ्यावरून पश्चिमेकडे उतरताना दरीत पडलेले गंजके सांगाडे मी पाहिले. त्यांतील माणसांचे काय झाले असेल हे मी विचारले नाही, मालकांनीही सांगितले नाही.

राहिला गाडीतील माणूस. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशीच्या पुढे जातो. हवा त्वचेहून गरम झाली की अंगावर येणारा वारा थंडावा देत नाही, उलट उष्णता देतो. मग आधार एकट्या घामाचा. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. छागलीतले पाणी गार राहते तेही याच न्यायाने, तिच्या कापडातून पाझरून. पण वाळवंटात घाम इतक्या झटकन वाळतो की अंग कोरडे राहते आणि प्रवासी म्हणतो, “मला तर घामच नाही.” तहानही उशिरा लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर किंवा घाम कमी करणारी औषधे घेणारी वयस्कर मंडळी येथे सर्वाधिक धोक्यात असतात. मुलांकडे अमेरिकेस जाणारे आणि उत्साहाने अशा सहलीस निघणारे आपले सभासद नेमके याच वयाचे. बरळणे, अडखळणे, विचित्र वागणे दिसले आणि अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. रुग्णालयाकडे धावण्याआधी जागेवरच पाणी ओतून, वारा घालून, मिळाल्यास बर्फाने शरीर थंड करण्यास लागावे. प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. आणि माणसांचे पाणी व गाडीचे पाणी वेगळ्या डब्यांत ठेवावे.

ओटमनच्या एकुलत्या एक रस्त्यावर आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. खाणी १९४२ मध्ये युद्धकालीन हुकुमाने बंद पडल्या. खाणकामगारांनी मोकळ्या सोडलेल्या गाढवांचे वंशज मात्र गावात मजेत हिंडतात. गाडी थांबताच रेडिएटरच्या नळीतून थेंब गळू लागले आणि एक गाढव ते चाटायला पुढे आले. मी घाबरून त्याला हाकलू लागलो. रेडिएटरमध्ये घालतात ते एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. त्यापासून शरीरात ऑक्झॅलिक आम्ल तयार होऊन मूत्रपिंडे निकामी होतात, हे आपल्या डोळ्यांसमोर येणारच. म्हातारेबुवा हसले. “साधे पाणी आहे,” ते म्हणाले, “याच्यासाठीच तर साधे ठेवतो.” आणि त्यांनी डब्यात उरलेले पाणी गाढवापुढे ओतले.