नाव एकाचे, काम दुसऱ्याचे

खिशातला घडीचा चाकू उघडला, की पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, बारीक अक्षरांत एक नाव उमटवलेले दिसते. जुने चाकू जमवणारा नवखा माणूस ते वाचतो आणि चाकू कोणी बनवला हे कळले असे समजतो. पुष्कळदा तो कोणी विकला, एवढेच तिथे लिहिलेले असते.

हा छंद अमेरिकेत फार फोफावला, तेव्हा उदाहरणे तिकडचीच घेऊ. सेंट लुइस शहरातली सिमन्स ही लोखंडी सामानाची बडी पेढी. तिचे ‘कीन कटर’ हे नाव प्रसिद्ध; पण त्या नावाचे पुष्कळ चाकू न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावच्या कारखान्यात होत. ‘क्राफ्ट्समन’ हे नाव २०१७ पर्यंत सीअर्स या दुकानदार कंपनीचे होते. तिने ते चाकू श्रेड, कॅमिलस अशा कारखान्यांकडून करून घेतले. चाकूंसाठीच नावाजलेल्या बक कंपनीनेही आपले खिशातले छोटे चाकू आधी श्रेडकडून, मग कॅमिलसकडून बनवून घेतले. यात लबाडी काही नव्हती. विकणाऱ्याला कारखान्याचा व्याप नको होता आणि कारखान्याला बारमाही काम हवे होते.

मग बनवणारा ओळखायचा कसा? नाव बाजूला ठेवून चाकू न्याहाळायचा. पाते उघडायला नख अडकवण्याची खाच कशी कापली आहे, मुठीवर जडवलेल्या धातूच्या चकतीचा आकार कोणता, नमुन्याचे आकडे कोणत्या पद्धतीचे, यांवरून कारखान्याचा माग लागतो. कारण साचे त्याचेच असत. श्रेडने पाते मुठीत बसवण्याची स्वतःची रीत काढली होती. तिच्यात मुठीच्या टोकाच्या धातूतून आरपार ठोकलेले रिव्हेट नसते. जुन्या ‘बक’मध्ये ही रीत आढळली, तर नाव काही असो, काम श्रेडचे.

अमेरिकेतल्या १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. पण ‘जर्मनी’ या शब्दावरून देश कळतो, कारखाना नव्हे.

कारखाना एकच म्हणजे प्रत एकच, असेही नाही बरे! पोलाद कोणते, मूठ हाडाची की प्लास्टिकची, हे मागणी देणाऱ्याच्या ऐपतीवर ठरे. तरी त्याच कारखान्यातला, त्याच प्रतीचा ‘क्राफ्ट्समन’ स्वस्तात मिळत असताना मोठ्या नावापायी जादा पैसे मोजणे मला पटत नाही.

खरा पेच पुढेच आहे. रेमिंग्टन कंपनीने १९२० पासून ब्रिजपोर्टच्या आपल्या कारखान्यात चाकू केले आणि १९४० मध्ये तो धंदा सोडला. १९८२ मध्ये तिचा ‘बुलेट’ चाकू पुन्हा बाजारात आला, तो कॅमिलसने केलेला! नाव दोन्हींवर रेमिंग्टनच.

श्रेडचा एलेनव्हिलचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला. कामगार घरी गेले, नाव विकले गेले आणि श्रेडचा ‘ओल्ड टायमर’ चीनमधून बनून येऊ लागला. २००७ मध्ये कॅमिलसही बंद झाले आणि तेही नाव दुसऱ्या कंपनीकडे गेले. म्हणून विकणारा नुसते ‘श्रेड आहे’ म्हणाला, तर कधीचा आणि कुठला, हे विचारावे. एलेनव्हिलच्या ‘ओल्ड टायमर’च्या पात्यावर नावासोबत ‘यू.एस.ए.’ असते. अक्षरे झिजलेली असतात. भिंग बरोबर न्यावे.