वजनहीन भट्टींतील स्फटिक

चुलीवरील आधणांत तळचें तापलेलें पाणी वर चढतें, गार पाणी खालीं उतरतें. वितळलेल्या अर्धवाहकांतहि हीच घुसळण चालते. म्हणून तो गोठून स्फटिक होतांना त्यांत मुद्दाम मिसळलेलें द्रव्य कोठें अधिक, कोठें उणें बसतें आणि सूक्ष्म पट्टे उमटतात. असा स्फटिक विद्युत्-उपकरणांत सर्वत्र सारखा वागत नाहीं.

१९७३-७४ सालीं अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ अवकाशस्थानकांत, पृथ्वीवर वाढविलेली इंडियम अँटिमनाइडची स्फटिककांडी अर्धवट वितळवून पुन्हां गोठविण्यांत आली. स्थानक पृथ्वीभोंवतीं अखंड पडतच असतें. त्यामुळें तेथें जड-हलक्याचा भेद जवळजवळ उरत नाहीं व घुसळण शमते. पृथ्वीवर वाढलेल्या भागांत पट्टे होते. अवकाशांत वाढलेल्या भागांत नव्हते. दोष द्रव्याचा नसून घुसळणीचा, अशी साक्ष एकाच कांडीनें दिली.