प्रवासाच्या सुरक्षेचा कायदा आणि जनरल डब्यातला माणूस

एखाद्या गाडीत स्फोट होतो, विमान पळवले जाते, स्थानकावर गोळीबार होतो. दुसऱ्या दिवशी मंत्री घटनास्थळी येतात, चौकशी समिती नेमली जाते आणि काही काळाने नवा कायदा किंवा जुन्या कायद्याची दुरुस्ती संसदेत येते. गेली पन्नास वर्षे हेच चालले आहे. पुढच्या धोक्याला तोंड देण्याची तयारी म्हणून हे कायदे केले जातात. एस.टी.ने, लोकलने आणि रेल्वेच्या जनरल डब्यातून प्रवास करणाऱ्या कष्टकऱ्याचा विचार या तयारीत किती झाला, हे आपल्या वाचकांनी एकदा तपासून पाहावे, म्हणून हा लेख.

आम्ही कचेरीत फायली हाताळणारी माणसे. फायलीवर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असा शेरा पडला की ती फाईल महिनोन्‌महिने हलत नाही, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. कार्यवाही कोणी करायची आणि केव्हापर्यंत करायची, हे त्या शेऱ्यात नसते. सुरक्षेच्या प्रत्येक कायद्याला आम्ही हीच कसोटी लावतो. काम कोणाचे, हे ठरले आहे काय?

बीड रस्त्यावरचा ट्रक

याचे सर्वांत कडू उदाहरण आपल्याच शहरात घडले. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान मुंबईकडे निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टी संपत आली तरी विमान पुरेसे उचलले गेले नाही. धावपट्टीच्या टोकापलीकडून जाणाऱ्या बीडच्या रस्त्यावर त्याच वेळी कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक आला. विमानाचे चाक ट्रकला धडकले, पुढे विमान विजेच्या उच्च दाबाच्या तारांत अडकले आणि जमिनीवर कोसळून पेटले. ५५ माणसे गेली.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. विमान उचलण्यात वैमानिकांनी उशीर केला आणि त्यांची पद्धतही चुकली, हे एक. विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहने अडवण्याचे काम तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केले नाही, हे दुसरे. म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर एक फाटक आणि ते वेळेवर लावणारा एक माणूस असता, तर ट्रक विमानाच्या वाटेत आला नसता. या कामाला मोठा पैसा लागत नव्हता. येथे कोणी अतिरेकी नव्हता, कट नव्हता. तरीही आम्ही ही घटना सुरक्षेच्या लेखात सर्वांत आधी मांडतो, कारण धोका कोणत्याही वाटेने आला तरी त्याला अडवणारा असतो तो फाटकावरचा माणूस.

कायदे आले कसे?

सप्टेंबर १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा वेगळा कक्ष सुरू झाला. जून १९८५ मध्ये 'कनिष्क' विमानात स्फोट होऊन ३२९ माणसे मेली, आणि १ एप्रिल १९८७ पासून त्या कक्षाचे स्वतंत्र खाते झाले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान कंदाहारला नेले गेले, तेव्हा २००० सालापासून विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या ताब्यात देण्यास सुरुवात झाली. विमान अपहरणाचा १९८२ चा कायदा जाऊन २०१६ मध्ये अधिक कडक कायदा आला. अमेरिकेतही तेच झाले. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला आणि नोव्हेंबरमध्ये वाहतूक सुरक्षेचा कायदा होऊन त्यासाठी नवे खाते उभे राहिले.

विमानाची काळजी घेतली गेली, हे चांगलेच झाले. पण रेल्वेकडे पाहा. रेल्वे सुरक्षा दलाचा कायदा १९५७ चा. त्या दलाचे मुख्य काम रेल्वेच्या मालमत्तेची राखण. प्रवाशाचे आणि प्रवासी क्षेत्राचे संरक्षण हे त्याच्या कर्तव्यात स्पष्टपणे घातले गेले ते २००३ च्या दुरुस्तीने. म्हणजे डब्याला पहारेकरी आधी मिळाला आणि डब्यातल्या माणसाला ४६ वर्षांनी!

त्यातही एक गुंता आहे. आपल्या राज्यघटनेप्रमाणे रेल्वे हा केंद्राचा विषय आणि पोलीस, त्यात रेल्वे पोलीसही, हा राज्याचा विषय. म्हणून फलाटावर दोन प्रकारचे पोलीस दिसतात. सुरक्षा दल केंद्राचे, लोहमार्ग पोलीस राज्याचे. चोरी, मारहाण, विनयभंग अशा गुन्ह्यांची नोंद लोहमार्ग पोलीस करतात. बाई तक्रार घेऊन गेली की 'हे आमच्याकडे नाही, तिकडे जा' हे उत्तर तिला ऐकावे लागते, ते या दुहेरी कारभारामुळे.

अकरा जुलै आणि सव्वीस नोव्हेंबर

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे ठार झाली, शेकडो जखमी झाली. त्याआधी मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या आणि जुलै २००५ मध्ये लंडनच्या गाड्यांत असेच स्फोट झाले होते. विमानतळाची दारे घट्ट झाली तसा मारेकऱ्याने रेल्वेचा फलाट शोधला, हे जगाला तेव्हाच कळायला हवे होते.

मुंबईच्या या खटल्यात कडक कायद्याचा उपयोग झाला. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 'मोक्का' कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून धरता येतो. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवले, त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत असे सांगून सर्वांना निर्दोष ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २४ जुलै रोजी आदेश झाला की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत घेता येणार नाही, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही.

उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत १९ वर्षे गेली. ज्यांची माणसे मेली त्यांना गुन्हेगार कोण हे कळले नाही, आणि जे आत होते त्यांच्या आयुष्याची उमेद आतच गेली. पोलिसांना जादा अधिकार दिले म्हणजे तपास चांगला होतोच असे नाही, हा या खटल्याचा धडा आहे. अटकेचे कारण समजण्याचा, वकील घेण्याचा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या कलमात आहे. हे कलम सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच मांडले. संशयावरून उचलला जाणारा माणूस बहुधा गरीब वस्तीतला असतो. म्हणून या कलमाची किंमत आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळली पाहिजे.

आता २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन हल्लेखोर गर्दीवर गोळ्या झाडत होते. पन्नासाहून अधिक माणसे तेथे मारली गेली. ही संख्या आणखी कितीतरी वाढली असती. पण उद्घोषणा करणारे रेल्वे कर्मचारी विष्णू झेंडे यांनी आपली जागा सोडली नाही. ते ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर कोणत्या बाजूने जावे हे सांगत राहिले आणि शेकडो लोक वाचले. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. फलाटावर काय चालले आहे हे त्यांना दिसत होते आणि लोकांपर्यंत आवाज पोहोचवण्याचे साधन चालू होते. आमच्या मते पुढच्या धोक्याची खरी तयारी ती हीच.

करमाडचा लोहमार्ग

आपल्या जिल्ह्यातील आणखी एक घटना विसरता येणार नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टाळेबंदी लागली आणि प्रवासी गाड्या थांबल्या. हातावर पोट असलेल्या माणसाने घरी कसे जायचे, याची सोय त्या आदेशात नव्हती. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर गाडी मिळेल या आशेने लोहमार्गाने भुसावळकडे चालत निघाले. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली १६ जण चिरडले गेले. जनतेच्या रक्षणासाठी काढलेल्या आदेशात जनतेतलाच एक मोठा वर्ग मोजायचा राहिला, तर काय होते ते या रुळांनी दाखवले.

आपल्या हातातला कायदा

बंधू-भगिनींनो, कायद्याने आपल्याला काही दिलेही आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे बुडते. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम १२४-अ आले. गाडीत, फलाटावर, प्रतीक्षागृहात किंवा तिकीट आरक्षणाच्या जागी अतिरेकी कृत्य, दरोडा, दंगल, गोळीबार झाला किंवा प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. मृत्यूबद्दलची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. घटनेपासून एका वर्षात रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. त्याची खंडपीठे मुंबई आणि नागपूर येथे आहेत. प्लॅटफॉर्म तिकीटवालाही यात येतो. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. तरीही तिकीट काढावे आणि जपून ठेवावे.

प्रवासात मदतीसाठी रेल्वेचा क्रमांक १३९ आणि सर्वत्र चालणारा ११२ घरातल्या मुलांना, आया-बहिणींना पाठ असू द्यावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. 'हद्द आमची नाही' हे उत्तर आता चालणार नाही.

आपली माणसे वर्षातून दोनदा लाखोंनी प्रवास करतात. अशोक विजयादशमीला नागपूरला आणि सहा डिसेंबरला दादरला. मराठवाड्यातून निघणाऱ्या गाड्यांत उभे राहायलाही जागा नसते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी दादरपासून जवळच, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यांना मारायला बॉम्ब लागला नाही. तेव्हा वस्तीतल्या मंडळांनी निघण्याआधी स्थानक व्यवस्थापकाला लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. जादा डबे किती, गर्दीच्या वेळी पुलावर कोण उभे राहणार, उद्घोषणा मराठीत होणार काय, पाणी आणि दवाखाना कोठे, हे चार प्रश्न त्यात असावेत. उत्तरात 'योग्य ती कार्यवाही होईल' असे आले, तर परत जाऊन विचारावे की कार्यवाही कोण करणार, त्यांचे नाव सांगा.